जखमेतली ओल

प्रिय ताई, तुला नमस्कार आणि आईच्या पायांवर डोकं.

मी बरा आहे. अपेंडिक्स गेलं, भूक शाबूत आहे. फक्त टाक्यांची जागा भरून येत नाहीये. डॉक्टर म्हणतात, जखमेला बुरशी धरली. हसू नकोस, शिळ्या पावाला धरते तशीच! आता औषध बदललंय, काळजी नको.

"आंघोळीत जखम भिजवलीत, ओल राहिली," असं ते ठासून सांगतात. अगं, ऑपरेशनपासून अंगाला पाण्याचा थेंब नाही, नर्स नाक मुरडत ड्रेसिंग करते! शेजारच्या खाटेवरच्या ड्रायव्हरच्या जखमेलाही बुरशीच. त्यानेही भिजवली म्हणे.

ड्रेसिंगच्या खोलीत भिंतीला काळी ओल आहे. काल मी ती डॉक्टरांना बोटाने दाखवली, तर म्हणाले, "कुठे काय?" आज तिथे कॅलेंडर टांगलंय. तेही गेल्या वर्षीचं! ताई, कुठेतरी पाणी मुरतंय.

आईचा डोळा कसा आहे? मोतीबिंदू इथेच काढू, असं मीच म्हणालो होतो ना? आता नको. तिला सांग, हॉस्पिटल फार छान आहे, फक्त गर्दी आहे.

तुझा, अजून कोरडाच असलेला,
धाकटा