आक्काने आणलेली मेथी

मंगळवार, संध्याकाळ, पुण्याचा दवाखाना

सुमनच्या हृदयाची झडप बदलून महिना झाला. आज सकाळी ती अंगणात छाती धरून खाली बसली. डॉक्टर म्हणाले, नव्या झडपेवर गुठळी धरली आणि तिचा तुकडा हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकला. तो काढायला तिला आत नेलंय.

जाताना त्यांनी विचारलं, जेवणात काही बदल केला का? पालेभाजी एकदम वाढली तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा जोर कमी होतो म्हणे. आम्ही पथ्य म्हणजे तेल-मीठच धरून बसलो.

माझी थोरली बहीण आक्का पारगावहून मेथीच्या जुड्या घेऊन आली, ती राहिलीच. रोज मेथी. "खा गं, रक्त भरंल." सुमन हसायची, "वन्सं, पार शेळी केली माजी तुमी." आणि खायची.

आत्ता आक्का शेजारी बाकावर आहे. मघाशी म्हणाली, "दत्तू, मेथीनं तर न्हाई ना झालं?"

"न्हाई गं. मेथीनं कुटं काय व्हतंय?"

खोटं बोललो का? मेथीच, की आणखी काही? डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना.

दार अजून बंद आहे. जपाला बसलो तर देवा, तुझं नावही पुरतं तोंडात येईना. सुमनला परत दे. आणि आक्काला हे कधी कळू देऊ नकोस.