दोन गठ्ठे आणि तुमचे बंधू

सेंट ओदिल, मॅनिटोबा

प्रिय आल्सीद भावोजींस,

क्लेमांसचा नमस्कार. तुमचा गुडघा बरा असेल. नसला तरी आधी पत्र पुरतं वाचा, मग कण्हा.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर तुमच्या थोरल्या बंधूंना नदीकाठचा कातडी व्यापाराचा किल्ला दाखवून आणला. (नवा लाकडी तट, नवं छप्पर, नवा रंग, जुनी फक्त नदी.) आणला म्हणजे त्यांना अक्षरशः ओढून नेलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ओनेझीम खिडकीत बसून असतात. दाढी वाढलेली, व्हायोलिन खुंटीवर. डॉक्टर म्हणतात आजार नाही, आणि आजारच नाही तर औषध तरी कसलं देणार?

किल्ल्याच्या वखारीत बीव्हरच्या कातड्यांचे दाबून बांधलेले गठ्ठे आहेत. तुमचे पणजोबा कपाळाला पट्टा लावून असे दोन-दोन गठ्ठे पाठीवर घेऊन पळत, हे मी लग्नापासून ऐकते आहे (हल्ली तीन झालेत). जुन्या वेषातली तिथली मुलगी म्हणाली, "उचलून बघा ना, आजोबा." 'आजोबा' यांना झोंबलं. पट्टा कपाळाला, दोन्ही गठ्ठे पाठीवर, आणि गृहस्थ दरवाजातून थेट नदीपर्यंत पळत गेले. शाळेच्या सहलीची मुलं टाळ्या पिटत मागे. परत येऊन मला म्हणाले, "रक्त बोलतं बरं, क्लेमांस."

मी गठ्ठा बोटाने दाबून पाहिला. आत नुसता स्पंज. मुलीने डोळ्यांनीच विनवलं आणि मी, जन्मभर वर्गात खरं बोलण्याचे धडे दिलेली बाई, गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी दाढी झाली. व्हायोलिन खुंटीवरून उतरलं. गोठ्याचं गळकं छप्परही दुरुस्त झालं. इथवर छान. पण काल दुकानात भर गर्दीत यांनी जाहीर केलं की जत्रेतल्या गठ्ठ्यांच्या शर्यतीत आपण उतरणार. दरवर्षी त्या शर्यतीत धावणारा गास्पार म्हणाला, "म्हातारबा, आधी पाद्रीबाबांना सांगून ठेवा." हे म्हणाले, "तू मागून ये. माझी टोपी पडली तर उचलायला कोणीतरी हवं." आता माघार घेतली तर ते पुन्हा त्या खिडकीत जाऊन बसतील, आणि या वेळी उठायचे नाहीत. जत्रेतल्या गठ्ठ्यांत वाळू असते, हे तुम्हाला काय सांगायचं? भरता तुम्हीच.

तुमची वहिनी,
क्लेमांस

ता. क. लबाडीचा मला किती तिटकारा आहे ते तुम्ही जाणता. तेव्हा ओनेझीमच्या गठ्ठ्यांत पिसं भरा. वरून थोडी वाळू घाला, गास्पार चाचपून बघेल.

आणखी एक. खरं ओझं किती असतं ते कळावं म्हणून आज पिठाची दोन पोती पाठीवर घेऊन विहिरीपर्यंत जाऊन आले. बायकांची शर्यत वेगळी असेल तर माझं नाव घाला, आणि माझ्या गठ्ठ्यांत वाळूच हवी. शर्यत एकत्र असेल तर मात्र नको. पिसं घेऊनसुद्धा ते माझ्या मागे राहतील.