गाडीतले पॉइंट काढले त्याबद्दल

अण्णा, तुमच्या गाडीतले पॉइंट मी काढून टाकले. त्यांचं काम आता एक काळा बंद डबा करतो. त्यात घासायचं, पुसायचं, मापायचं काही नाही. तुम्ही गेल्याला एवढी वर्षं झाली, तरी हे तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून शाळेतून आल्यावर ओसरीवर बसून लिहितेय. माय आत भाकरी करतेय. मी काय लिहितेय हे ती विचारत नाही, ते बरं आहे.

तुम्ही ही गाडी निजामाच्या कुण्या अंमलदाराच्या सामानाबरोबर लिलावात घेतली, तेव्हा मी झालेही नव्हते. मला आठवते ती तुमची रविवारची सकाळ. बॉनेट उघडं, तुमचं डोकं आत, आणि बाहेर दिसते फक्त धोतराची मागची बाजू. मी शेजारी दिवा धरून उभी. इंजिन फिरलं की ते दोन इवलेसे पॉइंट उघडतात, मिटतात आणि दर वेळी ठिणगी पडते, हे तुम्ही मला शाळेच्या आधी शिकवलं. पॉइंट जळतात, मधली फट बदलते आणि गाडी अडून बसते. म्हणून दर रविवारी ते घासायचे आणि फट मापायची. मी मॅट्रिक झाले तेव्हा लोकांच्या मुलींना साडी मिळाली, मला तुम्ही फट मापायच्या पातळ पात्यांचा जुडगा दिला. माय चार दिवस तुमच्याशी बोलली नाही. मला मात्र तो आवडला होता. पुढे कॉलेजात असताना मी एकदा म्हटलं, परदेशात आता पॉइंटशिवाय गाड्या निघाल्यात. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "रस्त्यात उघडून बघता येत नाही अशी वस्तू माझ्या गाडीत यायची नाही." विषय संपला.

तुमच्यामागे मी तसंच चालू ठेवलं. पण तुमचा हात माझा नाही. फट नेमकी मापूनही गाडी पावसाळ्यात पेडगावच्या फाट्यावर थांबायची ती थांबायचीच, आणि मास्तरीणबाई बॉनेटमध्ये वाकल्या की येणारे-जाणारे सायकलवरून उतरून बघत उभे राहायचे. काम करायचं, हात पुसायचे, निघायचं.

मग मायच्या छातीत पहिल्यांदा दुखलं. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन बजावलं, पुन्हा असं झालं तर घरी थांबू नका, लगेच इथे आणा. दादा पुण्याहून आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. एसटीचा भरवसा नाही, विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारला की ती रस्त्यावरच येत नाही, आणि आपली गाडी तर अशी. मायला पुण्याला नेतो. मायनं म्हशीच्या गोठ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावर मी कुनाशी बोलू रं? नळाशी?" दादा माझ्याकडे वळला. गाडी एकदा जरी ऐन वेळी अडली, तर मायला नेईन, मग मध्ये पडू नकोस, असं सांगून तो गेला. तिला इथून हलवलं तर ती किती दिवस काढेल, हे मला माहीत होतं. त्यालाही असावं.

तेव्हा मी तुमच्या गाडीच्या मिस्त्रींकडे गेले. ते आता म्हातारे झालेत, चष्मा दोऱ्यानं बांधतात. त्यांनी हैदराबादहून तो डबा मागवला खरा, पण हातात घेऊन तो उलटसुलट करत राहिले. "अन्नासाब रहते तो येच डब्बा मेरे सर पे मारते थे," म्हणाले. मी म्हटलं, माझ्याही. मग ते हसले आणि कामाला लागले. आपल्या गाडीची जोडणी जुनी विलायती, बॅटरीची अधिक बाजू गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली. हे डबे उलट जोडणीचे असतात. ते मी आधीच बोलले, कारण तुम्ही माझ्याकडून ते पाठच करून घेतलं होतं. नाहीतर डबा पहिल्याच दिवशी जळाला असता. त्यांनी बॅटरी फिरवून घेतली, डायनामोचंही काय ते केलं, आणि संध्याकाळच्या आत गाडी अशी सुरू झाली की मला ती दुसऱ्याच कुणाची वाटली.

मायला मी काही बोलले नाही. तुमच्या हातचं त्या गाडीत जे उरलं होतं ते मी काढलं, असं तिला वाटेल याची भीती होती. म्हणून पुढचे रविवारही मी बॉनेट उघडून दिवा लावून उभी राहायचे. करायला काहीच नसायचं. एकदा तर तिथे उभ्या उभ्या सहावीच्या वह्या तपासल्या.

आणि मग पोळा आला. तुमची रीत मायनं एका वर्षीही मोडलेली नाही. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावली, तशी गाडीच्या बॉनेटलाही लावली. सकाळी बैलांबरोबर तिला आंघोळ. सालगड्याला माय सांगत होती, पोटातूनबी धू, आणि तो उघड्या बॉनेटमध्ये बादल्या ओतत होता. तुम्हीही हेच करायचात आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होत नसे. तुम्ही म्हणायचात, कालचा सण अजून उतरला नाही तिचा. पोळ्याच्या दिवशी मात्र ती सुरू करायचीच नाही, बैलाला जुंपत नाहीत तसं तिलाही नाही. बॉनेटवर झूल, आरशाला गोंडे, पुढे नैवेद्य.

दुपारी बैल मारुतीकडे मिरवायला गेले. गडी, शेजारपाजार, सगळं गाव तिकडे. माय चुलीपुढून उठली आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. घामानं निथळत होती. मी चावी घेतली तर म्हणते, "आज पोळा हाय. तिला जुंपू नको." मी तिच्यासमोर बसले. अण्णा, मी भांडणारी नाही, तुम्हाला माहीत आहे. मी एवढंच म्हटलं, "माय, तिचे पॉइंट मी काढलेत. आता ती बैल राहिली नाही."

"मंग काय हाय?"

"गाडी हाय."

तिनं माझ्याकडे बघितलं, दुखण्यातही तोंड जरा वाकडं केलं आणि म्हणाली, "मंग ऊठ की. बसलीस काय?"

डबा म्हणजे काही जादू नव्हे. वायरींची टोपी मला पदरानं पुसून कोरडी करावीच लागली. पण पूर्वी अशा ओल्या अंगानं ती संध्याकाळपर्यंत हलली नसती. आता चावी दुसऱ्यांदा फिरवताच ती सुरू झाली. झूल काढायचं भान राहिलं नाही. दवाखान्याच्या दारात शिपायानं गोंडे, हळद, ती झूल बघितली आणि विचारलं, "बाई, बैल कुठं सोडले?" मी मायला आधार देऊन उतरवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

दादा दुसऱ्या दिवशी पोचला. खाटेजवळ बसून त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग खाली जाऊन बॉनेट उघडून तो डबा बघून आला. पुण्याचं नाव त्यानं काढलं नाही. नंतरही काढलेलं नाही.

मायला घरी आणलं त्या दिवशी वाटेत ती सारखी बोलत होती. डबा तिला पहिल्या रविवारपासून ठाऊक होता. "हात काळे व्हायले न्हाईत तुझे. साबन न्हाई मागितलास. मला काय येडी समजायलीस?" मग घरी ओसरीवर टेकल्यावर म्हणाली, "त्यास्नी बी लय डाव म्हनलं मी, बदला म्हनून. माझे समदे रईवार त्या बॉनेटात गेले." रागानं नव्हे, अगदी सहज बोलली, आणि लगेच कुणाच्या शेतात कपाशी कशी आलीय ते सांगू लागली. तुमच्यावर तिचा राग नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही. भाकरी झाली की चुलीत जाईल. एक राहिलं. त्या दिवशी परभणीपासून घरापर्यंत मी मायचं बोलणं ऐकत आले, आणि पूर्ण वाटेत तुमची एकदाही आठवण आली नाही. दारात गाडी बंद केल्यावर ते ध्यानात आलं. मला बरं वाटलं, अण्णा.