सुमनला काय काय आठवतं

५ मे
शिरपूरहून निघालेला टेम्पो सकाळी आठला सिल्वासात पोचला. इथल्या आमली भागात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्यात, नळाला चोवीस तास पाणी. सुमनने आधी गॅस जोडून चहा टाकला, सामान मग. जुई गॅलरीतून ट्रक बघत बसली, जेवायलाही आत येईना. सहा वर्षांची आहे, पण मला विचारते, बाबा, तुमच्या कंपनीत धागा कशाचा करतात? प्लास्टिकचा म्हटलं तर खोटं वाटलं तिला. शेजारच्या भारतीताई नाशिकच्या निघाल्या. त्यांनी दुपारचं जेवण पाठवलं. उद्यापासून सुपरवायझर म्हणून हजर व्हायचं. डायरी कंपनीचीच आहे. बरं वाटतंय.

१९ जून
आज लिहितो. २६ मेला आम्ही दुधनीला गेलो होतो, धरणाच्या पाण्यावर फिरायला. बोटीतून उतरताना जुईचा हात माझ्या हातात होता. मोबाइल वाजला, कंपनीचा फोन. तो काढायला मी तिचा हात सोडला. मच्छीमारांनी तिला वर काढेपर्यंत अर्धा तास गेला.
काठावर सुमन एवढंच म्हणाली, "तुम्ही तिचा हात सोडला." त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

२ सप्टेंबर
सुमनचं वजन अडतीस किलो झालंय. दोन महिने गोळ्या चालू आहेत, उपयोग नाही. परवा भारतीताईंनी तिला गॅलरीच्या कठड्यावरून मागे ओढलं. आज वापीला मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, आता वाट बघण्यात धोका आहे, शॉक द्यावे लागतील. पूर्ण भूल देऊन देतात, काही सेकंदांचं काम, दुखत नाही. आठवड्यातून दोनदा, सहा ते आठ वेळा. मागच्या काही महिन्यांचं पुसट होऊ शकतं. बरंचसं हळूहळू परत येतं, काही कदाचित येणारही नाही. सुमन मानेनेच हो म्हणाली. तिने सही केली, खाली मी केली. रोजचं खाणं, झोप, बोलणं लिहून ठेवा असं मला सांगितलंय.

१३ सप्टेंबर
चौथा शॉक झाला. संध्याकाळी तिने स्वतःहून भाकरी मागितली. दीड खाल्ली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दाढी किती वाढवलीय तुम्ही!"
मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो.

१४ सप्टेंबर
सकाळी विचारलं, "अहो, जुई कुठंय? शिरपूरला ठेवली का आईंकडे?"
मी हो म्हटलं.
भिंतीवरचा हार घातलेला फोटो ती आंघोळीला गेल्यावर काढला. कपाटात, चादरींच्या खाली ठेवला.

१६ सप्टेंबर
माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. हसते. जुईसाठी फ्रॉक बेतायला घेतलाय, पिवळा. मापं आठवणीतून घेतली.
भारतीताई जिन्यात म्हणाल्या, सांगून टाका भाऊ, हे पाप आहे. मला कळतं. पण सुमन नुसतं जुईचं जाणं विसरलेली नाही. माझा हातही विसरली आहे. हे मी कुणाला सांगू?

१८ सप्टेंबर
डॉक्टरबाईंच्या समोर सांगितलं. जुई गेली, पाण्यात गेली, एवढंच. त्या दिवशी काठावर ओरडली होती तशीच ओरडली. तसंच. पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. कसं झालं, कुणामुळे, हे तिने विचारलं नाही. मीही बोललो नाही.

२० सप्टेंबर
सहावा. भूल उतरल्यावर डोळे उघडले, ओळखलं मला. म्हणाली, जुईला फोन लावा ना.
डॉक्टरबाई म्हणतात, उपचार चालू असताना नवीन सांगितलेलं टिकत नाही. पुन्हा पुन्हा सांगू नका, तिला दरवेळी ते नवंच. संपल्यावर नीट बसून सांगू.
आईला फोन करून बजावलं, सुमनचा फोन आला तर जुई झोपली आहे म्हण. आई पलीकडे रडत राहिली.

२७ सप्टेंबर
आठ पूर्ण. वजन त्रेचाळीस. झोपते, जेवते, जगायचं म्हणते. उपचार लागू पडला, खरंच लागू पडला. डॉक्टरबाई खूश आहेत. म्हणाल्या, आता आठवणीही येऊ लागतील, घाबरू नका, चांगली गोष्ट आहे.
पुढच्या शुक्रवारी सांगायला बोलावलंय.

१ ऑक्टोबर
दूधवाल्याचं नाव आठवलं तिला. टेम्पोचा रंग. काही आठवलं की कौतुकाने येऊन सांगते. मी वा म्हणतो — आणि पुढचं काय असेल याची वाट बघतो.

३ ऑक्टोबर
फ्रॉक शिवून झाला. इस्त्री करून दाराला लावलाय. आज म्हणाली, आपण कुठल्यातरी बोटीत बसलो होतो ना?
मी नाही म्हटलं.
मग — बसलो असू, असंही म्हटलं.

४ ऑक्टोबर
शुक्रवार. वापीला नेलं नाही. डॉक्टरबाईंचा फोन दोनदा आला. घेतला नाही. मला बरं नाही असं सुमनला सांगून —
ती दुपारभर काहीतरी जुळवते आहे. बोटं मोजते.

५ ऑक्टोबर
जेवली नाही.
माझा उजवा हात धरून बसली होती. उलटा करून बघत होती, सुलटा करून —

दुपार
आत्ता विचारलं. शांतपणे. "तुम्ही कुणाचा हात सोडला होता का हो?"
मी म्हटलं, नाही.
म्हणाली, "नाही कसं? छोटा होता."
आत गेली आहे. कपाट उघडल्याचा आवाज — मी उठायला हवं — चादरी काढते आहे, एकेक — सुमन, थांब, मी सांगतो, मीच सां