पाणी पी, बरं वाटेल

प्रिय ठमे,

फोनच करणार होते. पण फोनवर तू आधी रडतेस, मग मी विरघळते आणि माझं भांडण तसंच राहून जातं. म्हणून लिहितेय. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. हे पत्र गोड नाही, आधीच सांगते. मी भयंकर चिडलेय, आणि ते तुला कळायलाच हवं.

आधी बरी बातमी. मी परत गाडीत बसायला लागले. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाईंनी माझी जागा धरून ठेवली होती, त्यांचं भलं होवो. सध्या माझ्याकडे एक निवृत्त गणिताचे मास्तर शिकायला येतात. वळण आलं की ते डोळे मिटतात. सरळ रस्त्याला अगदी शहाण्यासारखे, आणि वळण आलं की डोळे बंद! मी शेजारच्या सीटवर, माझ्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, अख्खा रस्ता त्यांच्यावर ओरडत असते आणि इतकं बरं वाटतं म्हणून सांगू. सीटचा पट्टा पोटावरच्या पिशवीच्या खालून घेते. मास्तरांना पिशवीबद्दल ठाऊक आहे. एकदा वळणावरच तिने आवाज केला, तेव्हा त्यांना वाटलं गाडीचं काहीतरी बिघडलं. मग सांगूनच टाकलं.

हाच ब्रेकवरचा पाय वर्षभर मला दगा देत होता. तुला सगळं माहीत आहे म्हणशील. नाही, तू तेव्हा ऐकतच नव्हतीस, म्हणून पहिल्यापासून सांगते. बाबांच्या आतड्यात जे होतं तेच माझ्या निघालं. मोठं आतडं काढलं, लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून बसवलं आणि त्यावर पिशवी चिकटवली. ऑपरेशन उत्तम झालं. सर्जन स्वतःवर इतके खूश होते की माझी जखम विद्यार्थ्यांना बोलावून दाखवत होते. घरी आले, जखम भरली, आणि मग ते सुरू झालं. पोटऱ्यांत असे गोळे यायचे की मी पलंगाची कड धरून ओरडायचे. उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या. जिना चढला की छातीत धडधड. आणि पिशवी सारखी भरायची, नुसतं पाणी. एकदा शिकवताना ब्रेकवरच्या पायात गोळा आला आणि पाय हलेचना. समोर उभा ट्रक. शिकणाऱ्या मुलीने स्वतःच ब्रेक दाबला म्हणून वाचलो. त्या दिवशी मी गाडीच्या किल्ल्या मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवल्या आणि घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. गाडी गेली तर माझ्याकडे उरतं काय, सांग ना मला.

मग सर्जनकडे फेऱ्या. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. पुन्हा तपासलं, पुन्हा नॉर्मल. तो शब्द ऐकला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. मी नॉर्मल नव्हते, कागद नॉर्मल होता! त्यांचा एकच सल्ला, पाणी भरपूर प्या, शरीरातलं पाणी कमी होतंय. आणि तो सल्ला तुम्ही सगळ्यांनी उचलून धरला. तुझ्या भावोजींनी प्रत्येक खोलीत तांब्या भरून ठेवला. आई भेटायला आली की पेला हातात देऊन, तो संपेपर्यंत समोर बसून राहायची. आणि तू तर कळस केलास. सकाळी फोन, दुपारी फोन, पाणी प्यायलीस का ताई, पाणी पी, बरं वाटेल. मी आज्ञाधारकपणे पीत होते. पोटाला तडस लागेस्तोवर पीत होते. जितकी प्यायचे तितकी पिशवी भरायची, जितकी पिशवी भरायची तितके गोळे वाढायचे, आणि मी तसं म्हटलं की उत्तर ठरलेलं, म्हणजे तू पुरेसं पीत नाहीस.

आता मूळ मुद्द्यावर येते. तू माझ्याबरोबर सर्जनकडे आली होतीस तो दिवस आठव. मी मुंग्यांबद्दल सांगत होते, त्यांनी मला मध्येच तोडलं आणि माझ्या डोक्यावरून तुझ्याकडे बघून विचारलं, यांना घरी काही टेन्शन आहे का. आणि तू, ठमे, तू मान हलवलीस. तू म्हणालीस की ताई पहिल्यापासूनच फार विचार करते. झालं! माझं वाक्य अर्धवटच राहिलं. त्यांनी मन शांत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि त्यानंतर ज्या ज्या डॉक्टरांकडे गेले ते सगळे तिथूनच सुरुवात करायचे. एकाने योगासनं करा सांगितलं, एकाने छंद जोपासा. मी म्हटलं, माझा छंद गाडी चालवणं आहे, तोच तर गेलाय. ते हसले. त्याही दिवशी तू बरोबर होतीस, आणि बाहेर आल्यावर मला समजावलंस की असं तोडून बोलू नये, ते आपल्या भल्याचंच सांगतात. माझ्या जिवाला काय लागलं असेल, तुला कल्पना नाही.

तू पहिली-दुसरीत असशील, घसरगुंडीवरून पडलीस. हाताला सूज नाही, खरचटलेलं नाही. बाई म्हणाल्या नाटक करतेय, आई म्हणाली शाळा बुडवायचे धंदे, बाबांनी तर दटावून गप्प बसवलं. तू जेवताना डाव्या हाताने घास घेत होतीस, ते फक्त मी बघितलं. मी बाबांच्या इतकी मागे लागले की माझी कटकट थांबावी म्हणून ते तुला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मनगटाचं हाड मोडलं होतं. मी तेव्हा काही फार शहाणी नव्हते गं. तुला दुखतंय म्हणालीस, म्हणून दुखत असणार, एवढंच. माझ्या वेळी तुला एवढं का जमलं नाही, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

माझ्या दुखण्याचं उत्तर मात्र मिळालं, आणि तेही नळ गेल्यामुळे. आमच्या इमारतीची पाण्याची मोटार जळली. घरात होतं तेवढंच पाणी, ते तुझे भावोजी जपून वापरत होते, मला तांब्या देईनात. मी दिवसभर घोट घोट पाणी आणि खारी बिस्किटं यांवर काढला. आणि संध्याकाळी लक्षात आलं की आज गोळा आलेला नाही. पिशवीही कमी भरली. मोटार दुरुस्त झाली, तांबे पुन्हा भरले, गोळे पुन्हा हजर. मी सर्जनना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, योगायोग. मग मी दुसरं हॉस्पिटल गाठलं. तिथल्या आतड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला की दिवसभरात पिता काय काय. इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं! रक्त नंतर बघू म्हणाल्या, आधी लघवीतलं मीठ तपासू. लघवीत मीठ जवळजवळ नव्हतंच. शरीर चिमूट चिमूट धरून ठेवत होतं, म्हणून रक्तात सगळं ठीक दिसत होतं. मोठं आतडं नसलं की नुसतं पाणी पिऊन भागत नाही, उलट ते पाणी शरीरातलं मीठ ओढून पिशवीत नेतं. म्हणजे तुम्ही सगळे मिळून मला प्रेमाने, पेल्यापेल्याने, सुकवत होतात. आता त्यांनी ठरवून दिलेलं मीठ-साखरेचं पाणी पिते, साधं पाणी बेतानेच. एक क्षारही कमी निघाला, त्याचं औषध चालू आहे. गोळे गेले. बोटांच्या मुंग्या अजून आहेत, त्या कशाच्या हे त्यांनाही कळलेलं नाही. पण त्या तसं स्पष्ट सांगतात, मला वेडी ठरवत नाहीत.

हे सगळं कळलं तेव्हा पहिला फोन तुला केला होता. तू म्हणालीस, बरं झालं बाई, आणि घाईघाईने फोन ठेवलास. मग गप्प. ना फोन, ना निरोप. पाणी पी म्हणायला रोज वेळ होता, चुकले म्हणायला नव्हता. मी आईजवळ तुझ्या नावाने इतकी आदळआपट केली की ती बिचारी मूग गिळून बसली. मला वाटलं, तिला तुझी बाजू घ्यायची सोय नाही म्हणून ती गप्प आहे.

काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला. मला नाही, तुझ्या भावोजींना. एका मित्राच्या बायकोसाठी विचारतोय म्हणाला, पिशवी असली की कोणत्या कुशीवर झोपायचं, आणि चादर खराब होऊ नये म्हणून खाली काय घालायचं. तुझा नवरा चांगला आहे, पण त्याला खोटं बोलता येत नाही गं, त्या मित्राच्या बायकोचा विषय निघाला आणि त्याला रडूच फुटलं. मग आईला खोदून विचारलं. हे घराण्यात उतरतं, भावंडांनी तपासून घ्या म्हणून तुझ्या किती मागे लागले होते मी, तेव्हा हसण्यावारी नेलंस. आता कळतंय की मिठाचं सांगायला मी फोन केला तेव्हा तुझ्याही आतड्यात तेच असल्याचा रिपोर्ट तुझ्या हातात होता. मला कुठल्या तोंडाने सांगू असं म्हणालीस म्हणे आईला. याच तोंडाने सांगायचं होतंस, मूर्ख मुली! सगळ्यात जास्त चिडलेय ती यावर. ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे हेही मला आईकडून कळावं? मी रजा टाकली आहे, मास्तरांना मालकीणबाई शिकवतील. माझ्या डॉक्टरीणबाईंना तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय. तुला किती प्यायचं, काय प्यायचं ते त्या ठरवतील, दुसऱ्या कुणाचं ऐकू नकोस, माझंसुद्धा. दुखलं तर मोठ्याने सांग, मुंग्या आल्या तर सांग, नुसतं कसंतरी होतंय असं वाटलं तरी सांग. मी पलंगाशेजारीच बसलेली असेन. आणि कुठल्याही डॉक्टरांनी तुझ्या डोक्यावरून माझ्याकडे बघून विचारलं की यांना घरी काही टेन्शन आहे का, तर मी म्हणणार आहे, त्या इथेच आहेत, त्यांनाच विचारा.

रविवारी दुपारी पोचते.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
ताई