कस्टम्समधला एक मराठी माणूस

१४ नोव्हेंबर २०२०, शनिवार. लक्ष्मीपूजन.

घरी दोनच पाहुणे बोलवायची परवानगी, त्यामुळे नेदरलँड्समधल्या आमच्या उइटहॉर्न गावच्या मराठी मंडळींची दिवाळी यंदा लॅपटॉपवर. वर झब्बे, खाली काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. फराळ आपापला.

कुणीतरी विचारलं, शैलेंद्र, तू ब्रेडाच्या ऑफिसातल्या त्या कस्टम्सच्या प्रोजेक्टवर आहेस ना, ब्रेक्झिटचं नक्की काय होणार? एरवी मला कुणी काही विचारत नाही. सगळ्यांनी एकदम स्वतःला म्यूट केलं. मग सांगितलंच. करार झाला नाही तर एक जानेवारीपासून इंग्लंडहून येणारा माल अडकणार. आपल्या डाळी, पोहे, ज्वारीचं पीठ, सगळं तिकडच्या होलसेलरकडून येतं. आमच्या सिस्टिममध्ये ज्वारीच्या पिठाचा एक कंटेनर आत्ताच अडकलेला दिसतोय, असंही सांगितलं.

हे खरं आहे. कंटेनर दिसतो. तो टेस्ट डेटामधला आहे आणि मंगळवारी मीच टाइप केलाय, हे सांगणार होतो, पण तेवढ्यात आरती सुरू झाली.

चंद्रहास इम्प्रेस झाला. आमच्या मागच्या गल्लीत राहतो, पण आजवर माझ्या कशानेच इम्प्रेस झालेला नाही.

१५ नोव्हेंबर

मीनलने विचारलं, खरंच अडकलाय का कंटेनर? मी म्हटलं, टेक्निकली, हो. ती म्हणाली, टेक्निकली म्हणजे नाही.

बायकोला आयटीतलं कळतं, हा एक प्रॉब्लेमच आहे.

संकल्प: ग्रुपवर खुलासा टाकायचा. उद्या.

१९ नोव्हेंबर

खुलासा लिहिला. फार लांब झाला. वाचून असं वाटतं की मी काहीतरी चुकीचं केलंय. पुन्हा लिहायला हवा.

२१ नोव्हेंबर, शनिवार

आइंडहोव्हनच्या ग्रुपवरून एक फॉरवर्ड आला. डच कस्टम्समध्ये वरच्या पदावर असलेल्या एका मराठी माणसाने दिलेली आतली बातमी: ज्वारी-बाजरीची पिठं सहा महिने येणार नाहीत, आत्ताच भरून ठेवा.

दोनदा वाचला. बाजरीसुद्धा! म्हणजे माझा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. दुसऱ्या, स्वतंत्र सोर्सकडूनही तेच येतंय. या माणसाशी ओळख काढायला हवी. वरच्या पदावर आहे, उद्या करिअरलाही उपयोग.

मीनलला दाखवला. ती म्हणाली, शैलेंद्र, हा माणूस तूच आहेस. मी म्हटलं, मी वरच्या पदावर नाही. ती म्हणाली, तेच तर.

२२ नोव्हेंबर

शक्यता नाकारत नाही. पण शंभर टक्के मीच आहे असंही सिद्ध होत नाही.

परिस्थिती नुसती बघून यावी म्हणून अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात जयप्रकाशच्या भारतीय किराणा दुकानात गेलो. सोबत आमची लेक भार्गवी. बाहेर रांग! जयप्रकाश काउंटरमागून हिंदीत ओरडत होता की एकेकाने या, काही संपत नाहीये. पण संपत होतं. मी शांत होतो. माझ्या पुढच्या बाईंनी ज्वारीच्या फळीवरून अर्धी रास ट्रॉलीत ओढली, तेव्हा मात्र माझा हात आपोआप पुढे गेला. उरलेलं सगळं घेतलं. पाकिटं मोजली नाहीत. मोजली की मीनलला आकडा सांगावा लागतो.

आमच्याकडे भाकरी कुणाला येत नाही. पण त्या क्षणी हा मुद्दा नव्हता.

गाडीत भार्गवीने डचमध्ये विचारलं, हे काय आहे? मी मराठीत सांगितलं, हे आपलं भविष्य आहे. तिने हेडफोन लावले.

सगळं जिन्याखालच्या कपाटात, तंबूच्या मागे. तिथून हीटिंगचा पाइप जातो, त्यामुळे पीठ छान कोरडं राहील. याला प्लॅनिंग म्हणतात. मीनलला योग्य वेळी सांगेन.

२८ नोव्हेंबर, शनिवार

चंद्रहासचा फोन. त्याच्या सासूबाई, म्हणजे मृणालिनीची आई, मंजूषाकाकू, फेब्रुवारीत बार्शीहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यापासून इथेच आहेत. त्यांना गहू चालत नाही. कणभर पोटात गेला तरी दोन दिवस अंथरुणात. आयुष्यभर ज्वारीची भाकरी. चंद्रहास म्हणाला, झुइडओस्ट झालं, हेग झालं, ज्वारीचं पीठ कुठेच नाही. काकू दोन्ही वेळा भात खातायत. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, रक्त तपासून भात कमी करायला सांगितलंय, साखर वाढलीय. इथला ग्लुटेनविरहित ब्रेड आणला, तर काकू म्हणाल्या की हा भांडी घासायचा आहे का?

मग म्हणाला, तुझ्याकडे थोडं असेल का रे?

मी म्हटलं, बघतो.

'बघतो' म्हणजे नाही असं होत नाही. मी खरंच जाऊन बघितलं. तंबू बाजूला केला. होतं.

पण नीट विचार केला तर आत्ता देणं योग्य नाही. लोक म्हणतील, यानेच बातमी दिली आणि यानेच पीठ भरून ठेवलं. दोन वेगवेगळ्या, आपापल्या जागी निरागस गोष्टी एकत्र ठेवल्या की उगाच वाईट दिसतात.

आज जेवताना भात होता. गेला नाही.

३ डिसेंबर

काकूंना हिशेबात धरून नवीन प्लॅन. पीठ पोचवायचं, नाव येऊ द्यायचं नाही. दान तसंही गुप्तच असावं. पाच तारखेला सिंटरक्लासचा सण. त्या संध्याकाळी इथे लोक दारात भेटवस्तूंचं पोतं ठेवतात, दार ठोठावतात आणि पळतात. अख्ख्या देशात वर्षातली एकच संध्याकाळ, जेव्हा दारात पोतं ठेवून पळणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

५ डिसेंबर, शनिवार

पाकिटावर जयप्रकाशच्या दुकानाचं लेबल होतं, त्यावरून माग लागला असता. म्हणून पीठ साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ओतलं, ती पिशवी पोत्यात घातली. संध्याकाळी सहाच्या सुमारास चंद्रहासच्या दारात ठेवलं, ठोठावलं, पळालो. कुंपणापाशी पाय मुरगळला. पण मन हलकं झालं. अनेक दिवसांनी पोटभर जेवलो.

रात्री ८.१०

चंद्रहासने ग्रुपवर फोटो टाकलाय. 'दारात कुणीतरी बिनलेबलची पावडर ठेवून पळालं आहे. सावध राहा.' खाली चर्चा. एकाच्या मते ड्रग्ज. एकाच्या मते उंदराचं औषध. एकजण म्हणतो पोलिसांना कळव. पोलीस आले तर ते कुंपणाजवळचे बुटांचे ठसे बघतील, असं मनात आलं आणि मी लिहिलं, 'पोलीस कशाला, ताबडतोब फेकून दे. हात धू.'

त्याने फेकलं. वर मला थँक्स म्हणाला.

६ डिसेंबर

पाय सुजलाय. मीनलला सांगितलं, जिन्यावरून घसरलो. ती म्हणाली, आपल्या जिन्याला चिखल असतो का?

१३ डिसेंबर, रविवार

ब्रेक्झिटच्या वाटाघाटींची शेवटची तारीख आज होती. आज ठरलं की अजून बोलत राहायचं. एवढी मोठी माणसं एक गोष्ट महिनोन्‌महिने लांबणीवर टाकतात आणि त्याला डिप्लोमसी म्हणतात. मी तीन आठवडे टाकली तर छातीवर दगड.

अल्बर्ट हाइन सुपरमार्केटला जाताना चंद्रहासच्या घरावरून जावं लागतं. काकू खिडकीत बसलेल्या होत्या. शाल, मोजे. दिसायला निम्म्या झाल्यात. मला बघून हात हलवला. मीही हलवला, सायकल डगमगली.

संकल्प: उद्यापासून कालव्याकडच्या रस्त्याने जायचं. लांब पडतं, पण व्यायाम होतो.

२१ डिसेंबर, सोमवार

कोरोनाच्या नव्या प्रकारामुळे फ्रान्सने इंग्लंडकडची सरहद्द बंद केली. टीव्हीवर ट्रकच ट्रक, नजर पोचेपर्यंत. लंडनमध्ये लोकांना लेट्यूस आणि ब्रोकोलीची काळजी. माझा अंदाज खरा ठरतोय, असं मीनलला सांगायला गेलो, तर ती दिव्यांची माळ शोधायला जिन्याखाली गेलेली.

वर आली, ज्वारीचं एक पाकीट माझ्या कीबोर्डवर ठेवलं आणि गेली. माझी ब्रेडाच्या टीमशी मीटिंग चालू होती. पाकिटाखाली कुठलीतरी बटणं दाबली गेली आणि मी पूर्ण टीमला एक ओळभर जे-जे-जे पाठवलं. मॅनेजरने विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी सांगितलं, हो, घरी थोडा सप्लायचा इश्यू आहे.

संध्याकाळी तिला समजावलं की हे सगळं मी तिच्यासाठी आणि भार्गवीसाठी केलं. मीनल म्हणाली, काकूंना दे. मी म्हटलं, देणारच आहे, फक्त वेळ साधतोय. ती म्हणाली, त्यांची साखर तुझ्या वेळेसाठी थांबेल का?

२४ डिसेंबर, गुरुवार

करार झाला!

टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या. भार्गवी दचकली. म्हणजे आता माल येणार, म्हणजे शेवटी माझ्यामुळे कुणाचंच काही नुकसान झालं नाही. मीनल म्हणाली, काकूंचं झालं.

संकल्प, आणि हा शेवटचा: उद्या चंद्रहासकडे जायचं. पीठ न्यायचं. बातमी मीच पसरवली हे सगळ्यांसमोर कबूल करायचं. पीठ कधीपासून माझ्याकडे होतं, हे सांगायची गरज नाही. एका दिवसाला एक कबुली पुरे.

२५ डिसेंबर, शुक्रवार

गेलो. पीठ दिलं. एका कलीगकडे पडलं होतं, असं सांगितलं. काकूंनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि चहाबिहा न विचारता थेट ओट्याकडे गेल्या. कोरोनामुळे आम्ही लांब बसायला हवं होतं, पण स्वयंपाकघर बैठकीतच आहे.

मी घसा साफ केला आणि सांगितलं. ती कस्टम्समधली बातमी माझीच. कंटेनर खोटा होता, टेस्ट डेटा होता. पिठाची टंचाई माझ्यामुळे झाली.

चंद्रहास हसायला लागला. म्हणाला, तुझ्यामुळे? अरे, तुझं कोण ऐकतं? ती बातमी कस्टम्समधल्या वरच्या माणसाची होती, तू तर टेस्टर आहेस. मी म्हटलं, अरे, तो वरचा माणूस म्हणजेच मी. तो आणखी हसला. मृणालिनी म्हणाली, शैलेंद्रभाऊंचं मन मोठं आहे, उगाच स्वतःवर घेतायत.

मला राग आला. एवढा मोठा गुन्हा कबूल करतोय आणि तो माझ्या नावावर लावायला कुणी तयार नाही! मी दिवाळीची आठवण करून दिली. आरतीच्या आधी, मी, तुम्ही सगळे म्यूट होतात! चंद्रहास म्हणाला, तू बोलत होतास तेव्हा मी चिवडा आणायला उठलो होतो.

तिकडे काकूंनी आधण ठेवून पीठ मळलं होतं. थापायला घेतलं. भाकरी तळहाताएवढी झाली आणि फाटली. त्यांनी गोळा केला, पुन्हा मळला, पुन्हा थापला. पुन्हा फाटली. मग चिमूटभर कोरडं पीठ जिभेवर ठेवलं.

म्हणाल्या, विरी गेलीय याची, चिकटपणाच उरला नाही. कडू झालंय. नुसतं जुनं नाही, उबेला ठेवलेलं आहे, महिनाभर तरी.

माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुमच्या घरीच होतं का?

चंद्रहासचं हसू थांबलं. हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. यासाठी पुरावा लागला नाही.

मी हो म्हटलं. नोव्हेंबरपासून, असंही म्हटलं. काकूंनी परातीतलं पीठ हाताने निपटून कचऱ्यात टाकलं, परात धुतली, हात पुसले. म्हणाल्या, भाताचा कंटाळा आला होता म्हणून मीच घाई केली, आधी वास घ्यायला हवा होता. चहा घेणार का?

घेतला. गरम होता तरी एका दमात प्यायलो.

२६ डिसेंबर

जिन्याखालचं सगळं पीठ मीनलने आणि मी मिळून ओल्या कचऱ्याच्या डब्यात ओतलं. शेजारचा डच म्हातारा कुंपणावरून बघत होता. त्याने विचारलं, बेकरी बंद केली का?

९ जानेवारी २०२१, शनिवार

जयप्रकाशकडे माल आला. ज्वारीची फळी भरलेली. कुणी बघतही नाहीये तिकडे. दोन पाकिटं घेतली. एक फळीवर परत ठेवलं.

काकूंना तिकीट मिळालंय, पुढच्या शनिवारचं. उद्याच नेऊन देतो.

१० जानेवारी

पाऊस.

१२ जानेवारी

ब्रेडाच्या मीटिंगा. शिवाय चंद्रहास घरी असेल.

१३ जानेवारी

मीनलला म्हटलं, तू देऊन येतेस का? तिने पाकीट कपाटातून काढून दाराजवळ, माझ्या बुटांवर ठेवलं.

१५ जानेवारी, शुक्रवार

गेलो. चंद्रहासने दार उघडलं. 'हं' म्हणाला आणि आत गेला. मी पायपुसण्यावरच उभा राहिलो. आत बैठकीत बॅग उघडी पडलेली, तिच्यावर घडी केलेली शाल.

काकू आल्या. पाकीट घेतलं. तारीख वाचली, कोपरा फाडून वास घेतला. म्हणाल्या, छान आहे, उद्या विमानासाठी चार भाकऱ्या होतील, उरलेलं मृणालिनी वापरेल.

मी माफी मागायला तोंड उघडलं. घरून वाक्य तयार करून गेलो होतो. पण त्याआधीच त्यांनी विचारलं, अगदी मनापासून, तुमच्या घरी ठेवलंय ना थोडं?

घरी कणभरही नव्हतं. आहे म्हटलं आणि निघालो.