तिसरी हाक

नवघर, भाईंदर पूर्व
१२ नोव्हेंबर २००७

दाजी,

तुमच्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो (खरंच वाकायला जागा नाही, गाळ्यात छतापर्यंत खोकी लागलीत). गुडघे कसे आहेत? जेवणाचं काय करता? ताई गेल्यापासून तुम्ही गावाला जाऊन बसलात, मेव्हण्याचा फोनसुद्धा उचलत नाही, म्हणून पत्र. शिव्या शेवटी द्या, आधी पूर्ण वाचा.

आपली कंपनी बुडत होती हे तुमच्यासमोरचंच. फोन कुणाचा आला ते दाखवणारे आपले डबे आता कोण घेणार? भाजीवाल्याकडे मोबाईल आलाय, तो फुकटात नंबर दाखवतो. संपदा (आपली सोल्डरिंगवाली, तोंडाचा पट्टा अजून तसाच) रोज विचारायची, "साहेब, उद्या येऊ की नको?" अशात तुमच्या ड्रॉवरमध्ये ती जुनी आवाजाची चिप सापडली. ताईला इथे गाळ्यात उभं करून तुम्ही भरली होतीत ना, "अहो... अहो!" एवढंच? दाजी, माझं डोकं चाललं! बोलती बेल काढायची. प्रत्येक घरात नावं वेगळी, पण "अहो" म्हटलं की कुठलाही नवरा उठतो. तिच्या आवाजाच्या चिपा काढल्या आणि बेलमध्ये बसवल्या. तुम्हाला विचारलं नाही. चुकलं माझं, कान धरतो.

पन्नास बेल केबिन रोडला हंसाबेनच्या दुकानात ठेवल्या आणि आठवड्यात बोंब! इथल्या आपल्या रत्नागिरीकडच्या लोकांच्या घरांत दारच उघडेनात. पाहुणे जिन्यात ताटकळतायत आणि आत मंडळी चिडीचूप. पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, तिसरी आली तरच ते माणूस, नाहीतर भूत, हे आपल्याकडे पाळण्यात शिकवतात (तुमचीही तीच खोड, ताई किती चिडायची). आणि चिपमध्ये जागा दोनच हाकांची. मोठी चिप यायला दोन महिने लागणार होते. मी कपाळाला हात लावून बसलो.

मग तक्रारी एकाएकी थांबल्या. हंसाबेनचा फोन आला, "गुणवंतभाई, वो तीन बार बुलानेवाली बेल और भेजो, बहुत चल रही है." तीन? मला वाटलं बाई मोजायला चुकली. एक बेल परत आणली, टेबलावर ठेवून बटण दाबलं. अहो. अहो. मग जरा थांबून, हळूच, तिसऱ्यांदा. संपदाने बेल खोलली, चिप दोनदा तपासली आणि म्हणाली, "साहेब, ह्याच्यात जागाच नाय." तेव्हापासून ती घरी जाताना बेलला नमस्कार करते. (मी आधी हसलो. आता मीही करतो.)

आज मीरा रोडपासून मुर्ध्यापर्यंत आठशे दारांवर ताई हाक मारतेय आणि कंपनी पुन्हा उभी राहिलीय. हंसाबेनच्या घरीही तीच बेल आहे, तिचे मिस्टर मराठी न कळता उठतात.

एक गोष्ट सांगायची टाळत होतो. त्या तिसऱ्या हाकेमागे कुकरची शिट्टी ऐकू येते. गाळ्यात कुकर कधीच नव्हता.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जपा.

तुमचा
गुणवंत

ता. क. हजार बेलची नवीन ऑर्डर आलीय, कागदांवर मालक म्हणून तुमची सही लागेल. तेवढ्यासाठी दोन दिवस या.

आणखी ता. क. वरचं खोटं आहे. तुमची सही मी केव्हाच ठोकून दिलीय. दाजी, त्या सकाळी ताईने स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली आणि तुम्ही पेपर धरून तिसरीची वाट बघत बसलात, ती आलीच नाही, हे स्मशानातून परतताना तुम्ही मला एकट्याला सांगितलंत. ती आलीय. येऊन एकदा ओ द्या.

शेवटचं. तुम्ही ओ दिल्यावर ती गप्प झाली तर लोक पुन्हा दारं उघडायचे नाहीत आणि कंपनी बुडेल. बुडू दे. माझी ताई आठशे दारांवर उभी आहे, मला बघवत नाही. या. तुम्ही आत बसा, बेल मी बाहेरून दाबतो.